वारशातील चांदीची नाणी : इजेची ओळख आणि जपणूक

(भंडारा येथे शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता लहान वाटेल. धान, तलाव, शाळा आणि रस्ते यांच्या चर्चेत जुन्या नाण्यांना स्थान कोठे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांत, देव्हाऱ्यातील डबीत, आजीच्या पेटीत किंवा धान्याच्या कोठीमागील गाडग्यात चांदीची चार-दोन नाणी आजही आहेत. घरातील वडीलधारे माणूस गेले म्हणजे ती बाहेर निघतात. कोणी ती घासून लखलखीत करतो, कोणी वजनावर सराफास देतो, कोणी "लाखाला जाईल" अशा बोलण्यावर विश्वास ठेवून फसतो. या तिन्ही प्रसंगी नुकसान होते, आणि त्यांपैकी पहिल्या दोन प्रसंगी झालेले नुकसान कधीही भरून येत नाही. म्हणून नाण्यावरील इजा कशी ओळखावी, तिचा अर्थ कसा लावावा आणि आपल्या हातून नवी इजा कशी होऊ देऊ नये, एवढ्याच मर्यादेत मी बोलणार आहे.

चांदी आपल्या घरी कशी आली

भंडारा जिल्हा हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. त्या काळी मराठी सत्तांचे रुपये बहुधा मोगल बादशहाच्या नावाने आणि फार्सी अक्षरांत पाडले जात. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये निवर्तले आणि त्यानंतर हे राज्य इंग्रजांनी खालसा केले. तत्पूर्वीच, १८३५ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलुखासाठी एकाच वजनाचा यंत्रावर पाडलेला रुपया सुरू केला होता. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. हाच पुढे आपल्याकडे कलदार किंवा राणीछाप रुपया म्हणून ओळखला गेला. अधेली, पावली आणि चवली ही त्याची लहान भावंडे.

मालगुजारीच्या पद्धतीत शेतसारा रोखीने भरावा लागे. त्यामुळे धान विकून आलेला रुपया घरी थांबे, पुढे खजिन्यात जाई, आणि उरलाच तर जमिनीत किंवा गळ्यात जाई. गळ्यात जाई असे म्हणण्याचे कारण, रुपयांच्या माळा हा या भागातील स्त्रियांचा एक आवडता दागिना होता.

१८९३ पर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या वर्षी सरकारने ही मोकळीक बंद केली. परिणाम असा झाला की, रुपयाची किंमत त्यातील चांदीपेक्षा अधिक राहिली आणि दागिन्यातील चांदी मात्र बाजारभावाने उतरली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत मध्य प्रांतातील कुटुंबांनी दागिने विकले तेव्हा हा फरक त्यांना चांगलाच जाणवला असणार. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस उलट घडले. चांदी इतकी महागली की रुपया वितळविणेच फायद्याचे ठरू लागले. १९१७ मध्ये सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली आणि १९१८ मध्ये अमेरिकेतून फार मोठ्या प्रमाणात चांदी आणावी लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, रुपयातील चांदी निम्म्यावर आली. त्यानंतरच्या काही वर्षांत जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेण्यात आले आणि १९४७ पर्यंत निकेलचा रुपया हाती आला.

हा इतिहास सांगण्याचा हेतू एवढाच की, आपल्या घरातील रुपया या सर्व उलथापालथीतून वाचलेला आहे. त्याच्या अंगावर ज्या खुणा आहेत, त्यांपैकी कित्येक या उलथापालथीच्याच आहेत.

पहिला प्रश्न : ही खूण केव्हाची?

नाणे हाती आले म्हणजे त्याची किंमत विचारण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक खुणेस एक प्रश्न विचारावा. ही खूण टांकसाळीतच झाली, की नाणे लोकांच्या हाती फिरत असताना झाली, की ते घरी आल्यानंतर आपण केली? या तीन काळांतील भेद ओळखता आला की निम्मे काम झाले. यासाठी एक साधे भिंग, दिवसाचा तिरपा उजेड आणि सोन्या-चांदीसाठी वापरतात तसा बारीक वजनकाटा, इतकी सामग्री पुरेशी आहे. नाणे नेहमी कडेने धरावे. त्याच्या दर्शनी भागाला बोट लागू देऊ नये, कारण घामातील क्षार चांदीवर ठसा सोडतात.

टांकसाळीत झालेल्या खुणा

हातोड्याने पाडलेल्या जुन्या रुपयांत ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असे. त्यामुळे लेखातील अर्धी अक्षरे नाण्याबाहेर राहत. "नाणे कापलेले आहे, अक्षरे तुटलेली आहेत" असे आपण म्हणतो, त्यांपैकी बरीच नाणी जन्मतः तशीच आहेत. घाव बसताना चकतीच्या काठाला तडा जाई. तोही दोष टांकसाळीचाच होय. त्याहून प्राचीन अशा आहत नाण्यांचे, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर निरनिराळ्या खुणा ठोकून केलेल्या नाण्यांचे, कोपरे कापलेले दिसतात. वजन बरोबर करण्यासाठी ते नाणे पाडणाऱ्यानेच छाटलेले असत.

कलदार रुपयांबाबत एक उपयुक्त नियम आहे. ठिपका किंवा खूण उठावाची असेल तर ती ठशातून आलेली असते, म्हणजे टांकसाळीची. खूण खोलगट असेल तर ती बहुधा नंतर कोणीतरी ठोकलेली असते. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर पाठीमागे, तळाशी असलेल्या कमळाखाली बारीक उठावाचा ठिपका दिसला तर तो मुंबई टांकसाळीचे चिन्ह समजावे. १८६२ हे साल असलेल्या राणीच्या रुपयांवरही असे उठावाचे ठिपके आढळतात. ते साल पुढे कित्येक वर्षे तसेच ठेवून रुपये पाडले गेले आणि ठिपक्यांवरून त्यांचे गट ओळखले जातात. या ठिपक्यांना डाग समजून ते खरवडणे म्हणजे नाण्याचा जन्मदाखलाच पुसून टाकणे होय. नियमाला अपवादही आहे. व्हिक्टोरिया आणि एडवर्ड यांच्या काही नाण्यांवर मुंबई टांकसाळीचे 'बी' हे इंग्रजी अक्षर खोलगट असते. म्हणून नियम वापरावा, पण घाईने निर्णय देऊ नये.

१९११ च्या रुपयाची कथा अनेकांनी ऐकली असेल. राजाच्या अंगावरील साखळीतील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, त्यावरून असंतोष झाला आणि १९१२ पासून चित्र सुधारण्यात आले. चित्राचा दोष हीही टांकसाळीचीच गोष्ट आहे. ती इजा नव्हे.

व्यवहारात झालेल्या खुणा

आता दुसऱ्या काळाकडे वळू. हातोहात फिरलेल्या नाण्याची झीज उंच भागांपासून सुरू होते. राणीच्या कपाळावरील केस, गाल, मुकुटाची टोके प्रथम गुळगुळीत होतात आणि खोल भाग पुष्कळ काळ शाबूत राहतो. ही झीज म्हणजे प्रामाणिक वार्धक्य. तिचा अंदाज वजनावरून घेता येतो. १९०६ च्या नाणे कायद्याप्रमाणे ठरलेल्या वजनापेक्षा शेकडा दोनहून अधिक घटलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे ११.६६ ग्रॅमचा रुपया सुमारे ११.४३ ग्रॅमच्या खाली गेला की त्याचे आयुष्य कायद्याने संपत असे. असे घटलेले किंवा विद्रूप केलेले नाणे सरकारी अधिकाऱ्यापुढे आले तर ते कापण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार त्या कायद्याने दिला होता. तो कायदा जाऊन आता २०११ चा नाणे कायदा आला आहे. परंतु एखाद्या जुन्या रुपयावर आरपार सरळ घाव दिसला तर तो कोणा खोडसाळ मुलाचाच असेल असे गृहीत धरू नये.

सराफांच्या खुणा हा याच काळाचा दुसरा भाग. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत, तेव्हा प्रत्येकावर किती बट्टा घ्यावा हे सराफ ठरवी. पारख झालेल्या नाण्यावर तो आपली बारीक खूण ठोकी. फूल, चांदणी, चंद्रकोर किंवा एखादे अक्षर. खोट्याचा संशय आला तर काठावर छिन्नीचा लहानसा घाव घालून आतील धातू पाही. नाणे जमविणारा छंदिष्ट या खुणांमुळे किंमत कमी धरील, हे खरे आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने ती नाण्याच्या प्रवासाची नोंद आहे. खोलगट, रेखीव कडा असलेली आणि आत जुना काळेपणा साठलेली खूण जुनी समजावी. घावाच्या आतील चांदी पांढरी चकाकत असेल तर घाव अलीकडचा आहे.

आपल्याकडील नाण्यांवर सर्वांत अधिक आढळणारी इजा म्हणजे माळेची. रुपया गळ्यात घालण्यासाठी त्यास एक तर भोक पाडीत किंवा कडी डाखून बसवीत. पुढे पैशाची गरज पडली की कडी काढून टाकीत आणि रुपया पुन्हा व्यवहारात येई. अशी कडी बहुधा राजाच्या किंवा राणीच्या मस्तकाच्या वर, काठावर असे. म्हणून नाणे उभे धरून वरच्या बाजूची कड पाहावी. कलदार रुपयाच्या कडेवर सारख्या अंतराचे बारीक कंगोरे असतात. त्यांत एका ठिकाणी खंड पडलेला असेल, तेथे धातूचा निराळ्या रंगाचा ओघळ असेल किंवा कानसीने सपाट केल्याच्या रेषा असतील, तर तेथे कडी होती असे समजावे. भोक बुजविलेले असेल तर त्या जागेवरील अक्षर किंवा नक्षी अर्धवट, पुसट किंवा हाताने कोरलेली दिसते. भिंगातून तिरप्या उजेडात पाहिल्यास भोकाची गोल रेषा सहसा लपत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. माळेतील रुपया हा बाजारात उणा ठरतो, तरी घरात तो उणा ठरवू नये. ज्या आजीने तो गळ्यात घातला, तिच्या नावावर जमीन नव्हती, खाते नव्हते. माळ हेच तिचे स्वतःचे धन होते. त्या भोकाने नाण्याची किंमत कमी केली असेल; त्याने एका स्त्रीचे आर्थिक आयुष्यही नोंदवून ठेवले आहे.

रंग काय सांगतो

चांदीवर येणारा काळसर थर हा हवेतील गंधकाच्या संयोगाने तयार होतो. तो पातळ आणि एकसारखा असेल तर ती इजा नाही. उलट, तो अनेक वर्षे कोणी नाणे घासलेले नाही याची साक्ष देतो. हिरवा चूर्णासारखा थर नाण्यातील तांब्याचा असतो आणि तो ओलावा लागल्याचे सांगतो. जमिनीत दीर्घकाळ पडलेल्या नाण्यावर करडी, तपकिरी, मेणासारखी पुटे चढलेली असतात. मातीतील क्षारांशी चांदीचा संयोग होऊन ती बनतात, आणि कित्येकदा अक्षरांचा ठसा त्या पुटातच उरलेला असतो. पूट खरवडले की अक्षरेही त्याबरोबर जातात.

१९४० ते १९४५ या काळातील निम्म्या चांदीच्या रुपयांचा पृष्ठभाग झिजल्यावर पिवळसर छटा दिसते. पुष्कळ जण त्यास खोटा रुपया समजतात. तो खरा असतो. त्यात शेकडा ५० चांदी, ४० तांबे आणि उरलेले निकेल व जस्त असल्यामुळे तसा रंग येतो.

आपल्या हातून होणारी इजा

तिसरा काळ आपला स्वतःचा आहे, आणि सर्वाधिक नासधूस याच काळात होते. चिंच, राख, रांगोळी, दातांचे मंजन, लिंबू आणि सराफाकडील तेजाब ही तिची साधने. घासलेल्या नाण्याची ओळख सोपी आहे. तिरप्या उजेडात एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या असंख्य रेषा दिसतात, अक्षरांच्या कडा गोलसर होतात, आणि नैसर्गिक झीज जेथे पोहोचत नाही ते सपाट भागही चकाकतात. तेजाबातून काढलेले नाणे पांढरेफटक आणि खडबडीत दिसते, कारण पृष्ठभागावरील तांबे आणि थोडी चांदीही विरघळून गेलेली असते. काळेपणा पुन्हा येतो. गेलेली अक्षरे पुन्हा येत नाहीत.

धनत्रयोदशीस व लक्ष्मीपूजनास नाण्यांना पंचामृताने स्नान घालण्याची चाल आपल्याकडे आहे. ती सोडावी असे मी म्हणत नाही. पूजा झाल्यावर नाणे साध्या स्वच्छ पाण्याने धुवून, न घासता मऊ सुती कापडावर टिपून पूर्ण कोरडे करावे आणि मगच ठेवावे, एवढेच सांगणे आहे. हळद-कुंकू आणि दुधाचा अंश तसाच राहिला तर वर्षभर तो आपले काम करीत राहतो. अधिक चांगले म्हणजे पूजेसाठी एक साधा, झिजलेला रुपया निराळा ठेवावा आणि उरलेल्यांना फक्त हळद-कुंकवाचे बोट दाखवावे.

साठवणुकीच्याही काही चुका सर्वत्र आढळतात. रबराने बांधलेल्या नाण्यांवर काळे पट्टे उठतात, कारण रबरात गंधक असते. लोकरी कापडही याच कारणाने टाळावे. मऊ, चकचकीत, विशिष्ट वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांतून काही वर्षांनी चिकट हिरवट द्रव सुटतो आणि तो चांदीस खातो. प्रत्येक नाणे स्वच्छ, कोरड्या सुती कापडात किंवा साध्या पांढऱ्या कागदी पाकिटात स्वतंत्र ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय होय. भात पिकविणाऱ्या आपल्या दमट जिल्ह्यात पेटी जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावी, हेही ध्यानात असू द्यावे.

खोटे नाणे आणि खाडाखोड

जुनी चाल नाणे वाजवून घेण्याची होती, आणि "खणखणीत नाणे" हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले असल्याने धातूचा आवाज ओळखणारे कान आपल्याकडे अजूनही आहेत. तथापि नाणे दगडावर आपटून वाजवू नये. त्याने काठ चेपतो. शिवाय तडा गेलेले खरे नाणेही बद्द वाजते, म्हणून केवळ आवाजावर निकाल देणे योग्य नाही.

शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांना एक निर्धोक परीक्षा सहज करता येईल. बारीक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. कोरडे वजन केलेला रुपया पातळ दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरावा. काटा जो आकडा दाखवील तो नाण्याच्या आकारमानाइतका असतो. ११.६६ ग्रॅमच्या चांगल्या चांदीच्या रुपयास तो सुमारे १.१३ ग्रॅम येतो. निम्म्या चांदीच्या रुपयास सुमारे १.२२ येतो. तांब्या-निकेलच्या बनावट नाण्यास तो सुमारे १.३० किंवा अधिक येईल. आर्किमिडीजचे तत्त्व मुलांना शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. मात्र पुटे चढलेल्या किंवा ठिसूळ झालेल्या नाण्यावर हा प्रयोग करू नये.

ओतीव नाण्याची कड पाहिली असता मध्यातून गेलेली सांध्याची रेषा किंवा ती लपविण्यासाठी मारलेली कानस दिसते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात आणि अक्षरे साबणासारखी मऊ वाटतात. सालाच्या आकड्यांत खाडाखोड करून सामान्य नाणे दुर्मीळ म्हणून विकण्याचे प्रकारही होतात. त्या आकड्याभोवतीची जमीन इतर जमिनीपेक्षा निराळी दिसली तर सावध व्हावे.

एका अक्षराचे मोल

एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या विदर्भातच आहे. १९३९ मध्ये त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील, आता वाशीम जिल्ह्यात असलेल्या तऱ्हाळा या गावी सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. ती नाणी चांदीची नव्हती. पोटिन नावाच्या हलक्या मिश्रधातूची होती. सोनाराच्या तराजूत त्यांना काहीच किंमत आली नसती. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, आणि पुराणांतील राजवंशांच्या याद्यांत ज्यांची नावे आढळत नाहीत असे काही सातवाहन राजे प्रथमच प्रकाशात आले. काठावरच्या अर्ध्या अक्षरांवर, पुसट रेषांवर हे वाचन उभे होते. ती नाणी कोणी उत्साहाने घासून चकचकीत केली असती, तर ती नावे कदाचित कायमची नाहीशी झाली असती.

आपल्या जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले, हे आपणांस ठाऊक आहेच. वैनगंगेच्या काठावर दोन हजार वर्षांपूर्वी नांदती वस्ती होती. अशा भूमीत नांगराच्या फाळाला काय लागेल, हे सांगता येत नाही.

कायदा काय म्हणतो

म्हणूनच पंचायत सदस्यांनी घरात वारशाने आलेले नाणे आणि जमिनीत सापडलेले नाणे यांत स्पष्ट भेद करावा. वारशाचे नाणे कुटुंबाचे असते. जमिनीत किंवा जमिनीशी संलग्न अशा वस्तूत, म्हणजे जुन्या वाड्याच्या भिंतीतसुद्धा, दडलेले धन सापडले तर त्यास १८७८ चा गुप्तधन अधिनियम लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन सापडल्यास शोधणाऱ्याने त्याचे स्वरूप, अंदाजे मूल्य, ठिकाण आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. ते लपविणे हा अपराध आहे. कळविल्याने सर्व काही हातचे जाते ही समजूत खरी नाही. मागील शंभर वर्षांत आपल्याच पूर्वजांनी ते पुरले हे कुटुंबास सिद्ध करता आले तर त्याचा हक्क ऐकला जातो. धन बेवारस ठरले तर शोधणारा व जागेचा मालक यांचे वाटे कायद्याने ठरविले आहेत, आणि शासनाने ते घेतले तर धातूच्या मूल्यावर एक पंचमांश अधिक मोबदला देण्याची तरतूद आहे. मामा तलावातील गाळ काढताना, घरकुलाचा पाया खणताना किंवा पडकी भिंत उतरविताना नाणी निघाली तर ती वाटून घेण्यापूर्वी आणि धुण्यापूर्वी ग्रामसेवक व तलाठी यांच्यामार्फत ही वर्दी गेली पाहिजे.

दुसरा कायदा १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे हा पुरावशेष ठरतो आणि तो खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. पाचव्या जॉर्जचा १९२२ चा रुपया आता या मर्यादेत आला आहे. परदेशी असलेल्या नातलगांना आठवण म्हणून जुना रुपया पाठविण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. जुन्या नाण्यांच्या आणि नोटांच्या खरेदी-विक्रीच्या नावाने शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहावे, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेस दिली होती. आपण असे व्यवहार करीत नाही आणि कोणासही तसे करण्याचा अधिकार दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट केले होते. नाणे विकत घेणारा माणूस आधी आपल्याकडूनच पैसे मागत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

काय करता येईल

आता कृतीकडे येतो. घरात नाण्यांची पेटी उघडली की पहिल्या दिवशी काहीही धुवू नये, घासू नये, विकू नये. एक वही घ्यावी. प्रत्येक नाण्यास क्रमांक देऊन त्यापुढे राजाचे नाव किंवा लिपी, साल, वजन, कडेची स्थिती, भोक अथवा कडीची खूण, सराफी खूण आणि रंग यांची नोंद करावी. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. "आजीच्या माळेतील", "देव्हाऱ्यातील" अशी जी माहिती घरच्यांना आठवते तीही लिहावी. माणसे गेली की ती कोठेही मिळत नाही. वाटणीच्या वेळी ही वही भावंडांसमोर असली तर कोणाच्या वाट्यास काय आले याविषयी मनात किल्मिष राहत नाही. ज्या नाण्याची लिपी वाचता येत नाही ते जाणकारांना दाखवावे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्यास आपण अजब बंगला म्हणतो, १८६३ पासून या भागाचा ठेवा सांभाळीत आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राच्या संशोधनास वाहिलेली संस्थाही आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना नाणी शाळेत आणावयास सांगू नये. हरवली तर शाळेवर बोल येईल. घरीच पालकांसमक्ष नोंद करून केवळ वही आणावी. त्या वहीत मुलांना वजने, टक्केवारी, राजवटी, दुष्काळ आणि महायुद्धे हे सर्व एकत्र भेटेल. पंचायतीच्या सदस्यांनी ग्रामसभेत गुप्तधनाच्या कायद्याची दोन मिनिटांत माहिती द्यावी. कर्मचाऱ्यांनी सापडलेल्या नाण्यांचा पंचनामा करताना संख्या आणि वजन या दोहोंची नोंद करावी, मातीसकट ती पाकिटात ठेवावी आणि पाकीट मोहोरबंद करावे.

बंधु-भगिनींनो, अडचणीच्या वेळी चांदी विकण्याचा कुटुंबाचा हक्क कोणी नाकारू शकत नाही. आपल्या पूर्वजांनी ती त्यासाठीच जपली होती. माझी विनंती इतकीच आहे की, विकावयाचे तर ओळखून विकावे आणि ठेवावयाचे तर न घासता ठेवावे. वजनाने गेलेले नाणे मुशीत वितळते, आणि त्यासोबत भोक, घाव, सराफाची चांदणी आणि अर्धे अक्षरही वितळते. त्याआधी वहीतील एक ओळ लिहावयास पाच मिनिटे लागतात. तेवढी पाच मिनिटे आपल्या गावातील प्रत्येक पेटीस मिळावीत, यासाठी आपण सर्वांनी साहाय्य करावे, अशी विनंती करून मी आपले भाषण संपवितो.